उसनं लंगडणं

खिडकीची काच पुसायला म्हणून थोरली उभी राहिली, आणि पुसता पुसता तिला खाली रस्त्यावर धाकटी दिसली. धाकटी चालत होती. एवढंच. हातात पिशवी, गळ्याभोवती तो करडा मफलर, आणि समोरून येणाऱ्या माणसांना चुकवत, एकदा तर फुटपाथवरून पटकन खाली उतरून पुन्हा वर चढत, ती झपाझप येत होती. दोन्ही पाय सारखे पडत होते. थोरलीला आधी बरंच वाटलं, ओळखीचं माणूस वरून अचानक दिसलं की वाटतं तसं. काचेवर टिचकी मारायला तिने बोटसुद्धा उचललं. मग धाकटी इमारतीच्या फाटकाशी आली, थांबली, पिशवी या हातातून त्या हातात घेतली, एक श्वास घेतला आणि लंगडत आत शिरली.

थोरली ओलं फडकं हातात तसंच धरून खुर्चीवर बसली. जिन्यावरून पावलं येऊ लागली. एक पाऊल, मग दुसरं ओढून त्याच्याजवळ, मग कठड्यावर भार पडल्याचा आवाज, मग दम. तिसऱ्या मजल्यापर्यंत हेच. हा आवाज ती कित्येक आठवडे ऐकत होती, आणि रोज ऐकताना तिला कणव यायची, बिचारीचंही काही खरं नाही असं वाटून. आणि त्या कणवेच्या तळाशी कुठेतरी थोडी ऊबही असायची, की चला, आपण एकट्या नाही. आता तोच आवाज ऐकताना तिला लहानपणचं धाकटीचं खोटं खोकणं आठवलं. ते शाळा बुडवण्यासाठी असायचं. हे लंगडणं कशासाठी होतं ते तिला लगेच कळलं, आणि कळल्याबरोबर तिचे कान तापले.

"हुश्श," दारातच भिंतीला टेकून धाकटी म्हणाली. "हा जिना एक दिवस माझा जीव घेणार बघ, ताई."

"दुखतंय का?"

"दुखायचं थांबलं होतं कधी? तुझं कसं आहे?"

"आहे तसंच."

"तेच तर. दोघींचं एकच रडगाणं," असं म्हणून धाकटी हसली आणि पाय ओढत स्वयंपाकघरात गेली.

एकच रडगाणं हे खरंच होतं, निदान काही महिन्यांपूर्वीपर्यंत. थोरलीने सगळं आयुष्य कपड्यांच्या कारखान्यात कापडाच्या थरांवर खडूने आखून यंत्राची कात्री चालवण्यात घालवलं होतं. कात्री पुढे रेटताना सगळा भार डाव्या पायावर यायचा, आणि ती निवृत्त झाली तेव्हा हाताखालच्या बायकांनी 'मास्तरीणबाई' म्हणून दिलेलं घड्याळ आणि झिजलेला डावा गुडघा एवढं घेऊन ती घरी आली. तिने लग्न केलं नाही. धाकटीने केलं होतं. टपाल कचेरीच्या खिडकीमागे बसून ती तिकिटं विकायची, म्हणजे तिच्या गुडघ्यांना तसा काही त्रास नव्हता. पण शेवटची काही वर्षं नवरा अंथरुणाला खिळला, आणि त्याला उचलून बसवण्यात, वळवण्यात, न्हाणीत नेण्यात तिचा उजवा गुडघा गेला. तो वारल्यावर ती दोन बॅगा घेऊन 'थोडे दिवस' म्हणून ताईकडे आली आणि राहिली. तेव्हापासून दोघी मिळून एक धड बाई होत्या. रस्त्याने जाताना दुखरे पाय आतल्या बाजूला यावेत म्हणून थोरली नेहमी उजवीकडून चालायची, धाकटी डावीकडून, आणि मध्ये त्यांचे हात एकमेकींत अडकवलेले. औषधाच्या दुकानातला माणूस म्हणायचा, आल्या चार गुडघे. धाकटी म्हणायची, चार कुठले हो, दोनच, बाकीचे दोन आम्ही नुसते वागवतो. थोरलीला हे सगळं आवडायचं. तिच्या आयुष्यात इतक्या उशिरा कुणीतरी पावलाला पाऊल जुळवून चालत होतं, आणि त्यासाठी गुडघा हा काही फार मोठा मोबदला नव्हता, असं तिला कधी कधी वाटून जायचं, जरी ती हे कुणाला बोलली नसती.

गुडघ्यावरच्या एका नव्या उपचाराचं धाकटीनेच कुठूनसं ऐकलं होतं. थोरलीच्या हृदयाकडे बघून तिला भूल द्यायला डॉक्टरांनी आधीच नकार दिलेला, त्यामुळे सांधा बदलण्याचा प्रश्नच नव्हता. आणि हा उपचार तर कापाकापीशिवाय होता. गुडघ्यांचा डॉक्टर तरुण होता, टेबलावरच्या प्लास्टिकच्या सांध्याशी चाळा करत बोलायचा. "तुमचंच रक्त काढायचं," तो म्हणाला, "यंत्रात फिरवायचं, वर पिवळसर द्रव येतो तो सुईने गुडघ्यात सोडायचा. जखम भरून काढायची जी ताकद शरीरात असते, ती तिथे एकवटून द्यायची, इतकंच. झिजलेलं सगळं परत उगवेल असं मी म्हणणार नाही. काहींना खूप फरक पडतो, काहींना थोडा, काहींना नाही." दोघींनी माना डोलावल्या. काहींना नाही, हे बाकीच्यांसाठी आहे असं दोघींनाही वाटलं. ज्या दिवशी सुया द्यायच्या होत्या त्या दिवशी रक्त काढणाऱ्या बाईने दोघींच्या नळ्या यंत्रात समोरासमोर ठेवल्या. "वजन सारखं लागतं," ती म्हणाली, "नाहीतर हे थडथडतं." झाकण लागलं, घूं असा आवाज सुरू झाला, आणि बाकावर शेजारी शेजारी बसून, दंडावर कापूस दाबून, दोघी तो आवाज ऐकत राहिल्या. धाकटी कानाशी लागून म्हणाली, "ताई, पाळण्यात बसल्यासारखं झालं गं आपलं." थोरलीला खरोखर गरगरल्यासारखं झालं होतं. यंत्र थांबल्यावर नळ्या निघाल्या त्या सारख्याच दिसत होत्या, खाली गडद लाल, वर गवताच्या वाळक्या काडीचा रंग. पडद्यावर गुडघ्याच्या आतलं करडं चित्र बघत डॉक्टरने सुई घातली तेव्हा थोरली ओरडली नाही. धाकटी ओरडली.

आणि मग काही झालं नाही. आठवडे गेले. सुई पुन्हा दिली गेली, पुन्हा आठवडे गेले. थोरली रोज सकाळी पाय जमिनीवर टेकवण्याआधी पलंगाच्या कडेवर थोडी थांबायची. आत काहीतरी हललं असेल, भरलं असेल, अशी वाट बघत. मग पाय टेकवायची, आणि हाडात तीच जुनी कळ, झोपेतून आपल्याआधी उठून बसलेली. "तुला काही वाटतंय?" ती धाकटीला विचारायची. "कसलं काय," धाकटी म्हणायची. त्या 'कसलं काय'वर थोरलीचा दिवस निभायचा.

आता खिडकीतून ते बघितल्यावर थोरलीच्या डोक्यात एक भलतीच गोष्ट शिरली. नळ्या. समोरासमोर ठेवलेल्या, दिसायला सारख्या. ते माझं असेल तर? माझ्यात जे बरं करणारं होतं ते तिच्या गुडघ्यात गेलं असेल, आणि नवऱ्याला उचलून उचलून दमलेलं तिचं रक्त माझ्या गुडघ्यात नुसतं पडून असेल. हे वेडेपणाचं आहे हे तिला कळत होतं. पण भांडी विसळताना, केस विंचरताना ते यंत्र तिच्या कानात घूं करत राहिलं. शेवटी एका दुपारी, दातांच्या डॉक्टरकडे जाते असं सांगून, ती टॅक्सी करून एकटीच दवाखान्यात गेली. रक्त काढणारी बाई जेवणाचा डबा बंद करत होती.

"एक विचारू? राग मानू नका. त्या दिवशी आमच्या नळ्यांची अदलाबदल तर नसेल ना झाली?"

बाईने राग मानला नाही. तिने मनगटाला बांधायची पट्टी दाखवली, नळीवरचं नाव दाखवलं, सुई देण्याआधी डॉक्टर ते पुन्हा कसं मोठ्याने वाचतात ते सांगितलं. "आजी, तुमचं तुम्हालाच मिळालं," ती समजुतीच्या सुरात म्हणाली. "तुमच्या गुडघ्यात हाडाला हाड घासायला लागलं होतं हो. बहीणबाईंचं तितकं गेलं नव्हतं. त्या तर परवा दाखवायला आल्या तेव्हा जिना चढून आल्या, लिफ्टला थांबल्याच नाहीत."

टॅक्सीत बसल्यावर थोरली रस्त्याकडे बघत होती पण तिला दुकानांच्या पाट्या वाचता येईनात. तुमचं तुम्हालाच मिळालं. तिने वाटेतल्या कुणाला तरी दोष द्यायची तयारी केली होती, त्या बाईला, डॉक्टरला, निदान यंत्राला. आणि आता दोष द्यायला कुणी उरलंच नव्हतं. माझंच रक्त माझ्याच गुडघ्यात गेलं आणि त्याने मला ओळखलं नाही. आई संत्रं सोलायची तेव्हा फोडी दोघींना अगदी सारख्या वाटायची, आणि एखादी फोड उरली तर भांडण नको म्हणून स्वतः तोंडात टाकायची. आई होती तोवर कुणाच्या वाट्याला काही जास्त येणं शक्यच नव्हतं. थोरलीला वाटलं, आपण दोघी त्या उरलेल्या फोडीसमोर बसलोय आणि धाकटी ती गालात लपवून, तोंड न हलवता, माझ्याकडे बघतेय.

त्यानंतरचे काही आठवडे थोरली वाईट वागली. तिला ते कळत होतं, आणि कळूनही तिला त्यात एक चव लागली होती. "अगं, धागा संपला. पण नको, तुझा गुडघा," असं ती म्हणायची, आणि धाकटी म्हणायची, "जाते की हळूहळू." धाकटी पाय ओढत बाहेर पडली की थोरली खिडकीशी जायची. फाटकापासून कोपऱ्यापर्यंत लंगडणं चालायचं, कोपऱ्यावरच्या धोब्याच्या दुकानाशी ते गळून पडायचं, आणि पुढे एक भलतीच बाई चालत जायची, पिशवी झुलवत, मान वर करून, जणू नवरा आजारी पडण्याआधीची. किती सुंदर चालायची ती. थोरली काचेला कपाळ लावून बघत राहायची, आणि तिला रडावंसं वाटायचं, आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी ती बटणं संपल्याचं सांगायची. संध्याकाळी ती मुद्दाम दोन रबरी पिशव्यांत गरम पाणी भरायची. "घे, शेक घे." दोघी समोरासमोर बसून गुडघ्यांवर पिशव्या ठेवायच्या, धाकटी त्या चांगल्या गुडघ्यावर ती गरम पिशवी इमानेइतबारे धरून बसायची, मध्येच 'स्स' करायची, आणि थोरली तिच्याकडे बघून म्हणायची, "फार ठणकतंय?" आणि धाकटी खाली बघून म्हणायची, "फार."

मग एका सकाळी धाकटी चहाचे पेले घेऊन आली ती डाव्या पायाने लंगडत. तिचा दुखरा पाय उजवा. थोरलीला हसू फुटलं. ते आवरेना; चहा बशीत सांडला, डोळ्यांतून पाणी आलं. "काय झालं?" धाकटी भांबावून विचारू लागली, "सांग तरी!" "काही नाही गं, कारखान्यातलं काहीतरी आठवलं." धाकटीही मग उगाच हसली. पण दुपारी, धाकटी बाहेर गेल्यावर, थोरलीला ते लंगडणं पुन्हा डोळ्यांसमोर दिसलं: पाऊल आधी जरा बाहेर टाकायचं, मग टाच न टेकवता पंजावर यायचं, मग कमरेतून झोल. हे धाकटीचं लंगडणं नव्हतंच. धाकटीचं जुनं लंगडणं आखूड आणि चिडखोर असायचं. हे माझं होतं. ती विसरली होती तिला कसं दुखायचं ते, आणि दुखणारं माणूस कसं चालतं ते माझ्याकडे बघून रोज शिकत होती. त्या दिवसानंतर तिने धाकटीला दुकानात पाठवलं नाही.

पण त्याने काही सुटलं नाही. धाकटी आता हुरूप गेल्यासारखी घरातच बसायची, आणि लंगडायची. धाकटीबरोबर तलावावर पोहायला येणाऱ्या बायका आठवडाभर डोंगरात जाऊन राहणार होत्या. रोज चालायचं, वरच्या सरोवरापर्यंत जायचं. थोरली न्हाणीतून बाहेर येत होती आणि धाकटी फोनवर बोलत होती. "नाही गं, माझा गुडघा कुठे साथ देतोय... हो, हो, थोडं बरं आहे, पण ताईला एकटीला टाकून?" मग आवाज अगदी खाली गेला. "तुला कसं सांगू. ती माझ्याकडे बघते ना, तेव्हा मला माझ्या पायाची लाज वाटते."

थोरली न्हाणीचं दार पुन्हा लावून आत उभी राहिली. भिंतीच्या फरशीवरून थेंब खाली उतरत होते. बाहेर जाऊन म्हणावं, मला सगळं माहीत आहे, जा तू. मग काय होईल? धाकटी रडेल. रडून झालं की म्हणेल, नाहीच जाणार मी, आणि मग खरंच जाणार नाही, आणि यापुढे घरात सरळ चालेल पण नजर चोरून, जन्मभर. तिची लाज आता मी बरी झाल्याशिवाय दुसऱ्या कशानेही पुसली जाणार नाही. माझं दुखणं थांबलं तरच ती बरी होईल. आणि माझं दुखणं तर थांबत नाही. मग निदान ते दिसणं थांबवता येईल.

"आज जरा मोकळं वाटतंय गं," दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पाव कापता कापता सांगितलं.

लोणी लावणाऱ्या धाकटीच्या हातातली सुरी थांबली. "म्हणजे? गुडघा?"

"हं. उशिरा येतो म्हणे कधी कधी गुण."

"ताई!" धाकटीचा चेहरा असा उजळला की थोरलीला तो बघवेना. "बघ, मी म्हणत होते की नाही! शरीराला वेळ द्यावा लागतो."

थोरली घरात एकटी असली की सराव करायची. टाच आधी टेकवायची, पाय सरळ ठेवायचा, कंबर हलू द्यायची नाही. आत हाड हाडावर दळल्यासारखं व्हायचं आणि तोंडाला धातूची चव यायची. ती लपवून गोळ्या घेऊ लागली. तिला वाटलं होतं, एकदा सांगितलं की काम झालं. पण धाकटी हुशार होती, किंवा भित्री. ती थोरलीच्या मागोमाग बरी होऊ लागली, नेहमी एक पायरी मागे राहून. थोरली पहिल्या मजल्यापर्यंत न थांबता उतरली की त्या आठवड्यात धाकटीचं ओढणं थोडं कमी व्हायचं. थोरलीने धोब्यापर्यंत जाऊन दाखवलं, की धाकटीने जिन्यावर कठडा धरायचं सोडून दिलं. तिला ताईच्या पुढे जायचंच नव्हतं. म्हणजे तिला डोंगरावर पाठवायचं तर थोरलीला निदान डोंगराच्या पायथ्याइतकं बरं व्हावं लागणार होतं. झोपताना उशीत तोंड खुपसून थोरली या हिशेबावर कडवट हसायची.

शेवटी एका दुपारी ती म्हणाली, "चल, कालव्यापर्यंत जाऊन येऊ." कालव्याच्या काठाने लांबच लांब रस्ता होता, एका बाजूला दगडी कठडा, दुसऱ्या बाजूला पानं झडलेली उघडी झाडं. पाणी शिशाच्या रंगाचं, हलत नसल्यासारखं. थोरली टाच, पंजा, टाच, पंजा असं मनात म्हणत चालत होती. कपाळावर आलेला घाम मफलरने टिपताना तिने थंडीचं निमित्त केलं. धाकटी शेजारी, मुद्दाम पावलं अडवत, दोरी आवळून धरलेल्या कुत्र्यासारखी चालत होती, आणि सारखी बोलत होती. आता पुढच्या वर्षी आपण दोघी डोंगरात जाऊ. वर ते सरोवर आहे ना, तिथे बाकं आहेत म्हणे. तुला झेपेल ताई, असंच चालू राहिलं तर नक्की झेपेल. थोरलीला वाटलं, हिने आता गप्प बसावं, आणि हिने पुढे जावं, म्हणजे दोन क्षण कठड्याला टेकता येईल. गोळीचा जोर उतरत चालला होता.

"इतकी हळू कशाला चालतेस?" ती म्हणून गेली. "चल की, नेहमीसारखी."

धाकटी थांबली. "नेहमीसारखी म्हणजे?"

थोरलीने पाण्याकडे बघितलं.

"ताई, नेहमीसारखी म्हणजे कशी?"

"रस्त्यावर चालतेस तशी. धोब्याच्या पुढे."

पाण्यावर एक पान आडवं पडून होतं. धाकटीने थोरलीच्या पायाकडे बघितलं, नीट, पहिल्यांदाच. सरळ ताणलेल्या, थरथरणाऱ्या डाव्या पायाकडे, मग मफलरखालच्या ओल्या कपाळाकडे. "आणि तुझा?" तिचा आवाज फाटला. "तुझा बरा झालेलाच नाही ना?"

"नाही."

"मग हे काय चाललंय? इतके दिवस मी मनातल्या मनात नाचत होते, तू बरी होतेयस म्हणून! मला मूर्ख बनवलंस तू."

"तू नाही बनवलंस मला?"

"मी तुझ्यासाठी केलं!"

"मला ठाऊक आहे. त्या वेळी मला तुझा फार राग आला होता. तुला उगाच दुकानात पिटाळत होते मी, खिडकीतून बघायला."

धाकटी रागाने लाल झाली आणि मग एकदम तिचा राग कुठे गेला कोण जाणे. तोंड लहान मुलीसारखं वेडंवाकडं झालं. "ताई, मला बरं वाटतंय गं," ती म्हणाली. "खूप बरं वाटतंय. सकाळी उठल्या उठल्या पळत सुटावंसं वाटतं. मी काय करू?"

थोरलीला तिला जवळ घ्यायचं होतं, पण त्यासाठी एक पाऊल टाकावं लागलं असतं आणि ते आत्ता तिच्याकडून होण्यासारखं नव्हतं. "त्या बायकांना फोन कर," ती म्हणाली. "सांग, येते म्हणून."

"आणि तू?"

"मी काय, घरी. माझं हे असंच राहणार आहे. तू माझ्याबरोबर लंगडलीस म्हणून ते कमी होत नाही, आणि मला तर आता ते बघवतही नाही."

"एकटी राहशील?"

"आधी राहतच होते की. जा, चाल जरा. मला बघू दे."

धाकटीने डोळे पुसले. तिला काहीतरी म्हणायचं होतं, ते न म्हणता ती वळली आणि चालू लागली. पहिली काही पावलं अडखळली. कोणता पाय कसा टाकायचा याचा विचार करत असल्यासारखी. मग खांदे सैल सुटले, पावलं लांब पडू लागली, मफलरचं टोक मागे उडू लागलं, आणि उघड्या झाडांमधून ती दूर दूर, लहान लहान होत गेली. वळणावर ती एकदा तरी मागे बघेल असं थोरलीला वाटलं, आणि त्यासाठी तिने चेहरा तयार ठेवला. धाकटीने मागे बघितलं नाही. ती दिसेनाशी झाली. रस्ता रिकामा राहिला. मग थोरलीने थंड कठड्यावर दोन्ही हात ठेवले, इतके दिवस सरळ रेटलेला डावा पाय हळूच वाकू दिला, आणि कुणापासून काही लपवायचं नसल्यासारखी, मोठ्याने कण्हत, लंगडत घराच्या वाटेला लागली.